आधी फायली मोजा: सर्व्हरवरची फोटोंची मोठी फोल्डरं कशी सांभाळायची

डिस्क ४० टक्के रिकामी दिसते, तरी नवा फोटो चढत नाही. एरर येते ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. होस्टिंगचं पॅनेल म्हणतं जागा आहे, सर्व्हर म्हणतो नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. आपण जीबी मोजत बसतो, सर्व्हर मात्र फायलीही मोजत असतो. फोटोंच्या फोल्डरांची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. ५० जीबीची एकच व्हिडिओ फाइल सांभाळायला काहीच लागत नाही. ५० केबीचे दहा लाख फोटो मिळूनही ५० जीबीच होतात, पण ते चढवायला, मोजायला, पुसायला आणि बॅकअपला घाम काढतात.

हा लेख लिनक्स सर्व्हरवर, मग तो शेअर्ड होस्टिंगचा (अनेक ग्राहकांत वाटलेला) असो की व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर), काही हजार ते काही लाख फोटो पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे लहान लिपीतच.

हाताशी काय हवं

- एसएसएच लॉगिन, म्हणजे आपल्या टर्मिनलमधून सर्व्हरवर कमांड चालवण्याची सोय. शेअर्ड होस्टिंगवर ते बऱ्याचदा बंद असतं. पॅनेलमधून सुरू करा किंवा सपोर्टला सांगून सुरू करून घ्या. ते नसेल तर यातलं निम्मं काम दहापट वेळ खातं.
- आरसिंक, म्हणजे नव्या-बदललेल्या फायली तेवढ्या पाठवणारी कमांड. लिनक्स आणि मॅकवर सहज मिळतं, विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) टाकून वापरा.
- एक एसएफटीपी क्लायंट, म्हणजे फाइलझिला किंवा विनएससीपी. किरकोळ कामांसाठी तो बरा.
- सर्व्हरवर टीमक्स किंवा स्क्रीन, म्हणजे इंटरनेट तुटलं तरी चालू काम मरत नाही.
- इमेजमॅजिक आणि जेपेगऑप्टिम, फोटो लहान करायचे असतील तर.
- सर्व्हरच्या बाहेर, निदान त्या फोल्डरएवढी रिकामी जागा.
- होस्टिंग प्लॅनमधली आयनोडची, म्हणजे फायलींच्या संख्येची, मर्यादा. हा आकडा प्लॅनच्या अटींमध्ये खोल कुठेतरी दडलेला असतो. शोधून कागदावर लिहून ठेवा.

## १. मोजणी

‘डीएफ -एच’ जागा दाखवते, ‘डीएफ -आय’ आयनोड दाखवते. दोन्ही चालवा. आयनोड म्हणजे प्रत्येक फाइलमागे फाइलसिस्टिमने ठेवलेली एक नोंद: मालक कोण, आकार किती, डेटा डिस्कवर कुठे. फाइल एक बाइटची असो की एक जीबीची, नोंद एकच लागते. ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमवर या नोंदींची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते, नंतर नुसती वाढवता येत नाही. नेहमीचा हिशोब १६ केबीमागे एक आयनोड असा असतो, म्हणजे १०० जीबीच्या डिस्कवर साधारण ६५ लाख. तुमच्या फायलींचा सरासरी आकार १६ केबीच्या खाली गेला की जागा संपायच्या आधी आयनोड संपणार. थंबनेल तर ५ ते १० केबीचेच असतात. एक्सएफएस ही फाइलसिस्टिम आयनोड लागतील तसे बनवते, तिथे ही अडचण सहसा येत नाही. शेअर्ड होस्टिंगवर मात्र फाइलसिस्टिम कोणतीही असली तरी प्रत्येक खात्यावर कंपनीची वेगळी मर्यादा असते, आणि ती बरीच आधी आडवी येते.

फायली नेमक्या कुठे साचल्या आहेत ते बघायला ‘डीयू --आयनोड्स -एस *’ चालवा. प्रत्येक फोल्डरमागे फायलींची संख्या येईल. दोषी बहुतेक वेळा फोटोंचं फोल्डर नसतंच. प्लगिनने साठवलेली कॅश, जुनी सेशन फोल्डरं, थीम बदलल्यावर उरलेले थंबनेल यांनीच आकडा फुगवलेला असतो.

वर्डप्रेस वापरत असाल तर हा हिशोब एकदा मांडून बघा. मोठा फोटो चढवला की मूळ फाइल राहते, २५६० पिक्सेलवर उतरवलेली ‘स्केल्ड’ प्रत बनते, शिवाय १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६ आणि २०४८ अशा सहा मापांच्या प्रती. म्हणजे एका फोटोमागे आठ फायली. थीम आणि दुकानाचं प्लगिन आपली मापं घालतात ती वेगळीच. पाच हजार फोटो चढवले असं तुम्हाला वाटतं, डिस्कवर चाळीस हजार फायली बसलेल्या असतात.

मोजताना एक सापळा आहे. मोठ्या फोल्डरमध्ये साधी ‘एलएस’ मारली की स्क्रीन गोठल्यासारखी होते. बिघडलेलं काही नसतं. ‘एलएस’ आधी सगळी नावं गोळा करते, मग वर्णक्रमाने लावते, आणि रंगीत यादी चालू असेल तर प्रत्येक फाइलची माहितीही काढते, त्यानंतर कुठे पहिली ओळ दिसते. ‘एलएस -एफ’, लहान एफ, वापरली तर क्रम न लावता नावं लगेच वाहू लागतात. फक्त संख्या हवी असेल तर ‘फाइंड . -टाइप एफ’ हिचं आउटपुट पाइपने ‘डब्ल्यूसी -एल’ कडे द्या. चढवायच्या फोटोंचं फोल्डरही असंच मोजा, आणि आलेला आकडा व एकूण आकार तारखेसह लिहून ठेवा. पाचव्या पायरीला तोच लागणार आहे.

## २. चढवण्याआधी नावं नीट करा

नावं आपल्या कॉम्प्युटरवर बदलणं फुकट पडतं. सर्व्हरवर, लिंका लागल्यानंतर बदलणं महाग.

विंडोजला ‘.जेपीजी’ लहान लिपीत लिहिलं काय किंवा मोठ्या लिपीत लिहिलं काय, फरक पडत नाही. लिनक्सला त्या दोन वेगळ्या फायली. घरच्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित दिसणारं पान सर्व्हरवर गेल्यावर फोटो दाखवत नाही, याचं पहिलं कारण हेच असतं. कॅमेरे मोठ्या लिपीत एक्स्टेन्शन देतात, माणसं लिंकमध्ये लहान लिपीत लिहितात. सगळं लहान लिपीत आणून टाका. स्पेसच्या जागी जोडरेघ घाला. क्रमांक शून्यं भरून लिहा, ००००१ पासून, नाहीतर यादीत १ नंतर १० येतो आणि २ खाली कुठेतरी सापडतो.

मराठी नावांच्या फायली ठेवाव्यात का? चालतात, पण दोन ठिकाणी दगा देतात. पहिलं लांबीचं. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं धरायची. समारंभाचं पूर्ण नाव आणि तारीख घातलेली फाइल इथे सहज अडकते.

दुसरं दुखणं जास्त छुपं आहे. ‘पायऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्याला दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम नाव साठवताना त्याची फोड करून दोन चिन्हं ठेवत असे. विंडोजवर टाइप केलेलं नाव सहसा एका चिन्हाचं असतं. लिनक्स नावातले बाइट जसेच्या तसे जुळवतो, त्यामुळे त्याच्या लेखी या दोन वेगळ्या फायली. यादीत ‘पायऱ्या’ डोळ्यांसमोर दिसते, लिंकवर टिचकी मारली की ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. किनाऱ्यावरचे, दऱ्यांचे, नवऱ्यामुलाचे, सगळे फोटो या फेऱ्यात येतात. फायलींना रोमन नावं द्या आणि मराठी नाव मथळ्यात किंवा फोटोच्या वर्णनात लिहा. वाचकाला तिथेच दिसतं, शोधयंत्रांनाही तिथे वाचता येतं.

## ३. फोल्डरांची वाटणी

एका फोल्डरमध्ये दोन लाख फोटो ठेवले तर साइट हळू होते, हा समज अर्धाच खरा आहे. ईएक्सटी४ फोल्डरमधल्या नावांची अनुक्रमणिका ठेवते, त्यामुळे नाव ठाऊक असलेली एक फाइल दोन लाखांतूनही चटकन सापडते आणि वाचकाला फरक कळत नाही. त्रास होतो तो यादी मागणाऱ्यांना: एफटीपी क्लायंट, पॅनेलमधला फाइल मॅनेजर, बॅकअप, आणि तुम्ही.

त्यातही एफटीपीची तऱ्हा घातक. अनेक शेअर्ड होस्टिंगवर एफटीपी सर्व्हर एका फोल्डरची यादी १०,००० नावांवर कापतो आणि पुढचं काही सांगत नाही. फाइल जागेवर असते, तुम्हाला दिसत नाही. ‘अपलोड झालेच नाहीत’ असं समजून लोक तेच फोटो पुन्हा चढवतात. यादीत बरोबर गोल आकडा दिसला की सावध व्हा आणि एसएसएचवरून मोजा.

एका फोल्डरमध्ये दोन-तीन हजारांच्या आत फायली राहतील असं बघा. वाटणी तीन प्रकारे होते.

तारखेने, वर्ष आणि त्यात महिना. माणसाला समजते, आणि जुनं फोल्डर पुन्हा बदलत नसल्यामुळे बॅकअपलाही सोपं जातं. एकाच महिन्यात पन्नास हजार फोटो येणार असतील तर दिवसाचं फोल्डरही घाला.

क्रमांकाने, प्रत्येक फोटोला आयडी असेल तर. इथे बहुतेकांची चूक ठरलेली: आयडीचे पहिले दोन अंक घेतात. नवे फोटो सगळे १२ ने सुरू होत असतील तर ते सगळे फोल्डर १२ मध्येच जमतात. शेवटचे दोन अंक घ्या, शंभर फोल्डरांत सारखी वाटणी होते. नावाच्या पहिल्या अक्षराने वाटणी करणं यासाठीच बाद. कॅमेऱ्यातून आलेली प्रत्येक फाइल ‘आयएमजी’ नाहीतर ‘डीएससी’ने सुरू होते.

हॅशने, म्हणजे नावावरून गणिताने निघणारा एमडी५ हा संकेत काढून त्याची पहिली दोन अक्षरं फोल्डर म्हणून. २५६ फोल्डर होतात, पाच लाख फोटो असतील तर प्रत्येकात सुमारे दोन हजार. दोन पातळ्या केल्या तर ६५,५३६ फोल्डर. काही लाखांच्या संग्रहाला त्याची गरज नसते, आणि रिकामी फोल्डरंही आयनोड खातात. हॅशचा तोटा असा की फोल्डर उघडून माणसाला काही उमगत नाही.

आधीपासून चालू असलेल्या साइटवर वाटणी करायची तर जुन्या लिंका तुटतात. क्रमांकाने वाटलं असेल तर जुन्या पत्त्यावरून नवा पत्ता काढणारा एकच ३०१चा (वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवणारा) नियम सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये लिहिता येतो, कारण शेवटचे दोन अंक नावातच असतात. हॅशला हे जमत नाही, तिथे डेटाबेसमधले पत्तेच बदलावे लागतात. साइट जुनी असेल तर क्रमांक किंवा, फाइलच्या नावात तारीख असेल तर, तारीखच निवडा.

एक बारीक गोष्ट. लाखभर फायली हलवल्यानंतरही जुनं फोल्डर मंदच राहतं. ‘एलएस -एलडी’ करून बघितलं तर रिकाम्या फोल्डरचा स्वतःचा आकार कित्येक एमबी दिसतो. ईएक्सटी४ फोल्डरची यादी एकदा वाढली की आपोआप आक्रसत नाही. नवं फोल्डर करा, उरलेल्या फायली त्यात हलवा, जुनं पुसा आणि नव्याला जुन्याचं नाव द्या.

## ४. चढवणं

एफटीपी प्रत्येक फाइलसाठी नवी जोडणी उघडते. फाइल सुरू करतो, घे, मिळाली, संपली, असे निरोप दर फाइलमागे फिरतात. सर्व्हर लांब असेल आणि एका फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील, तर चार फेऱ्यांचे ०.४ सेकंद. ५०,००० फायलींचे २०,००० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, आणि यात फोटोंचा एक बाइटही धरलेला नाही. इंटरनेट प्लॅन वाढवून हा वेळ कमी होत नाही. एफटीपी क्लायंटमध्ये एकाच वेळी चार ते आठ जोडण्या उघडल्या तर फरक पडतो. साधी एफटीपी पासवर्डही उघडा पाठवते, त्यामुळे वापरायचीच तर एसएफटीपी वापरा.

साध्या एफटीपीवर आणखी दोन गोष्टी बघाव्यात. ट्रान्सफरचा प्रकार बायनरी हवा. आस्की असेल तर ओळींची टोकं बदलण्याच्या नादात फोटोतले बाइट बदलतात आणि फोटो उघडत नाही. दुसरी गोष्ट, मध्येच तुटलेला अपलोड अर्धी फाइल मागे ठेवतो. पुन्हा सुरू करताना ‘फाइल आधीच असेल तर सोडून दे’ निवडलंत तर ती अर्धी फाइल कायमची तशीच राहते: वरचा भाग स्पष्ट, खालचा राखाडी पट्टा. ‘आकार वेगळा असेल तर पुन्हा पाठव’ हा पर्याय निवडा.

पहिल्या खेपेला एकच गठ्ठा करा. फोटो ‘टार’ने एका फाइलमध्ये बांधा, चढवा, सर्व्हरवर सोडवा. दाबून बांधायची गरज नाही, जेपीजी आधीच दाबलेली असते. झिप करायचीच असेल तर ‘स्टोअर’ पातळीवर करा. जुन्या झिप पद्धतीची मर्यादा ६५,५३५ फायली आणि ४ जीबी अशी आहे, त्यापुढे झिप६४ लागतं, आणि पॅनेलमधलं सोडवण्याचं साधन ते जाणतंच असं नाही. दहा-वीस हजार फायलींचे वेगळे गठ्ठे केले तर ही भानगड उरत नाही. गठ्ठा आणि सुटे फोटो काही वेळ एकत्र असतात, तेवढी दुप्पट जागा आधी बघून घ्या.

पुढच्या प्रत्येक खेपेला आरसिंक. आकार आणि बदलाची वेळ जुळली की ते फाइल सोडून देतं, नवं तेवढं पाठवतं. फाइल पूर्ण येईपर्यंत ती टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाखाली ठेवतं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतं, त्यामुळे अर्धा फोटो साइटवर कधी दिसत नाही. पण तीन ठिकाणी हात पोळतात.

पहिलं, शेवटची तिरकी रेघ. उगमाचा पत्ता ‘फोटो/’ असा दिला तर फोल्डरच्या आतलं सगळं जातं. ‘फोटो’ असा रेघेविना दिला तर फोल्डरच जातं, आणि सर्व्हरवर ‘फोटो’च्या पोटात दुसरं ‘फोटो’ तयार होतं.

दुसरं, ‘--डिलीट’. उगमात नसलेलं सर्व्हरवरून पुसायचं काम हा पर्याय करतो. नको तिथे पडलेली रेघ आणि हा पर्याय एकत्र आले, किंवा उगम म्हणून चुकून रिकामं फोल्डर दिलं, तर संग्रह साफ. आधी ‘-एनव्ही’ लावून कोरडी फेरी घ्या. काय जाणार, काय पुसलं जाणार याची फक्त यादी येते. ती वाचा. ‘डिलीटिंग’ने सुरू होणाऱ्या ओळी अपेक्षेपेक्षा जास्त दिसल्या तर थांबा.

तिसरं, बदलाची वेळ. आधीचे फोटो एफटीपीने चढवलेले असतील तर सर्व्हरवर त्यांची वेळ अपलोडची पडलेली असते. मग आरसिंकला सगळं बदललेलं वाटतं आणि लाखभर फायली पुन्हा तपासत-पाठवत बसतं. पहिल्या वेळी ‘--साइझ-ओन्ली’ लावा.

‘-झेड’ने फोटोंना फायदा नाही, प्रोसेसर मात्र तापतो. मॅक आणि विंडोजची पिल्लावळ वगळायला ‘--एक्सक्लूड’ वापरा: ‘.डीएस_स्टोअर’ (डी आणि दोन्ही एस मोठे), टिंब आणि अधोरेघेने सुरू होणाऱ्या फायली, ‘थंब्स.डीबी’ (टी मोठा). प्रत्येक फोल्डरमागे एकेक धरली तरी मोठ्या संग्रहात हजारो आयनोड वाचतात.

## ५. ताडून बघा

लिहून ठेवलेला आकडा आता काढा आणि सर्व्हरवर तीच मोजणी करा. जुळला नाही तर आधी नावांच्या लहान-मोठ्या लिपीचा संशय घ्या. सर्व्हरवरून विंडोजवर उतरवताना अशा दोन फायलींपैकी एक दुसरीवर बसते आणि संख्या गुपचूप कमी होते.

संख्या जुळणं म्हणजे फोटो जुळणं नव्हे. ‘आरसिंक -आरएनसीआय’ चालवा. यातलं ‘सी’ दोन्हीकडची प्रत्येक फाइल वाचून चेकसम (फाइलच्या बाइटांवरून निघणारा ताळ्याचा आकडा) काढतं, ‘एन’मुळे काहीही बदलत नाही. वेळ लागतो, म्हणून रात्री लावा. आउटपुट रिकामं आलं की उगमातली प्रत्येक फाइल सर्व्हरवर जशीच्या तशी पोचली.

मूळ फोटो या पायरीच्या आधी पुसू नका. कॅमेऱ्याचं कार्डसुद्धा.

## ६. परवानग्या

फोल्डरला ७५५, फायलींना ६४४, म्हणजे लिहिणं फक्त मालकाला, वाचणं सगळ्यांना. सगळ्यावर एकदम ‘सीएचमॉड -आर ६४४’ मारलंत (आर मोठा) तर फोल्डरांचा आत शिरण्याचा हक्क जातो आणि सगळे फोटो ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, देऊ लागतात. ‘फाइंड’ला ‘-टाइप डी’ आणि ‘-टाइप एफ’ सांगून वेगवेगळं करा. वैतागून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं, देऊ नका.

डब्ल्यूएसएलमधून आरसिंक करणाऱ्यांसाठी खास: विंडोजच्या डिस्कवरच्या फायली तिथे मुळातच ७७७ दिसतात, आणि ‘-ए’ पर्याय तेच सर्व्हरवर नेतो. ‘--सीएचमॉड=डी७५५,एफ६४४’ जोडा, त्यातले डी आणि एफ मोठे.

फोटोंच्या फोल्डरमध्ये पीएचपी चालू देऊ नका, आणि फोल्डरची उघडी यादी अपाची या वेब सर्व्हरवर ‘ऑप्शन्स -इंडेक्सेस’ लिहून बंद करा. एन्जिनएक्सवर ती मुळात बंदच असते.

## ७. फोटो लहान करणं

इमेजमॅजिकमधली ‘मॉग्रिफाय’ मूळ फाइलवरच लिहिते. विचारत नाही, प्रत ठेवत नाही. ‘-पाथ’ देऊन नव्या फोल्डरमध्ये काढा, नाहीतर आधी बॅकअप घ्या. लहान केलेला फोटो परत मोठा होत नाही.

माप ‘१६००x१६००>’ असं द्या. शेवटच्या बाणाचा अर्थ ‘याहून मोठे असतील तेच लहान कर’. हे माप अवतरणचिन्हांत हवंच. नसेल तर शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम, त्या बाणाचा अर्थ ‘आउटपुट पुढच्या फाइलमध्ये ओत’ असा घेतं, आणि पुढची फाइल म्हणजे तुमचा फोटो. तो शून्य बाइटचा होतो.

‘-स्ट्रिप’ने फोटोतली जास्तीची माहिती जाते, आणि त्यात फोटो कुठे काढला त्याचे जीपीएस आकडेही जातात. लोकांच्या घरचे फोटो असतील तर ते काढायलाच हवेत. पण फोन आडवा धरला होता की उभा ही नोंदही त्यातच असते. ती गेली की उभे फोटो आडवे पडतात. म्हणून ‘-ऑटो-ओरिएंट’ आधी, ‘-स्ट्रिप’ नंतर. रंगांचं प्रोफाइलही जातं, त्यामुळे काही फोनांचे फोटो फिके दिसू लागतात. तसं झालं तर आधी एसआरजीबीत (वेबवरची नेहमीची रंगपद्धत) रूपांतर करून मग स्ट्रिप करा.

मेमरीचा अंदाज घ्या. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो डिस्कवर ८ एमबीचा असला तरी मेमरीत उलगडल्यावर निदान ७२ एमबी घेतो, आणि इमेजमॅजिक दर पिक्सेलमागे जास्त बाइट वापरत असल्याने त्याच्या कितीतरी पट. १ जीबीच्या व्हीपीएसवर असे चार एकदम चालवले की सिस्टिम बऱ्याचदा डेटाबेसच मारते आणि साइट झोपते. एकेक चालवा, आणि कमांडच्या सुरुवातीला ‘नाइस’ लावा, म्हणजे बाकीच्या कामांना आधी वाव मिळतो. त्याहून बरं म्हणजे हे काम आपल्या कॉम्प्युटरवर उरकून तयार फोटोच चढवणं.

एकदा लहान केलेली जेपीजी पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका, दर खेपेला दर्जा उतरतो. नुसतं वजन कमी करायचं असेल तर जेपेगऑप्टिम दर्जाला हात न लावता थोडं काढतं.

## ८. पुसणं

‘आरएम *.जेपीजी’ मारली आणि ‘आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग’ आलं, तर बिघाड नाही. तारा (*) म्हणजे सगळी नावं एका ओळीत पसरणं, आणि त्या ओळीला बहुतेक लिनक्सवर २ एमबीची मर्यादा आहे. काही दहा हजार फायलींनंतर ती भरते. अशा वेळी ‘फाइंड’ वापरा: आधी फोल्डर, मग ‘-टाइप एफ’, मग ‘-नेम’ आणि अवतरणात नमुना, सगळ्यात शेवटी ‘-डिलीट’. शेवटी म्हणजे शेवटीच. ‘फाइंड’ अटी डावीकडून उजवीकडे तपासते. ‘-डिलीट’ हे ‘-नेम’च्या आधी आलं तर नावाची अट वाचायच्या आधीच सगळं पुसून मोकळी होते. आधी ‘-डिलीट’शिवाय चालवून यादी बघा, मग वरचा बाण दाबून तीच ओळ आणा आणि फक्त शेवट जोडा. ओळ नव्याने टाइप करू नका.

खात्री नसेल तर फोल्डर त्याच डिस्कवर वेबच्या बाहेर हलवा. एकाच डिस्कवरचं हलवणं क्षणात होतं. आठवडाभर कोणाचा फोटो हरवल्याची तक्रार आली नाही की पुसा. आयनोड मात्र पुसल्यावरच मोकळे होतात. पॅनेलमधून पुसलेल्या फायली कचरापेटीत पडून राहतात आणि आकडा जागचा हलत नाही. पेटी रिकामी करा.

## ९. बॅकअप

त्याच सर्व्हरवरची झिप म्हणजे बॅकअप नव्हे. आयनोड, जागा आणि धोका, तिन्ही तिथलेच. ‘--डिलीट’सकट रोज चालणारं आरसिंकही बॅकअप नव्हे: आज चुकून पुसलेला फोटो रात्री प्रतीतूनही जातो. ‘--लिंक-डेस्ट’ वापरून रोजचं वेगळं फोल्डर करा. न बदललेले फोटो हार्ड लिंकने (त्याच डेटाला दिलेलं आणखी एक नाव) जोडले जातात आणि जागा खात नाहीत, बदललेले तेवढेच नव्याने साठतात. आरसिंकने बॅकअप घेताना लाखो फायलींची नुसती तुलना करायलाच वेळ जातो, म्हणून गेल्या वर्षीची न बदलणारी फोल्डरं टार करून एकदाच बाजूला ठेवा आणि रोजच्या यादीतून काढा.

महिन्यातून एकदा बॅकअपमधले वीस-पंचवीस फोटो उतरवून उघडून बघा, नुसती यादी बघू नका. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) रोज सकाळी ‘डीएफ -आय’ लावून आकडा ईमेलवर मागवा. ८० टक्के ओलांडले की पहिल्या पायरीतली ‘डीयू --आयनोड्स’ पुन्हा चालवा.